लहान रुग्णालयं, आग आणि धूर: विदर्भातल्या डॉक्टर-सिस्टरांचे नेहमीचे प्रश्न

मी आर्किटेक्ट आहे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या तालुक्याच्या गावांत रुग्णालयं बांधणं आणि जुनी दुरुस्त करणं हे माझं बरंचसं काम. साइटवर डॉक्टर, सिस्टर, ठेकेदार आणि रुग्ण कल्याण समितीची मंडळी जे प्रश्न विचारतात तेच इथे घेतले आहेत. मोठ्या शहरातल्या बारा मजली हॉस्पिटलसाठी हे पान नाही.

आमचं वीस-तीस खाटांचं, एकमजली रुग्णालय. आमच्याकडे कसली आग लागणार?

भंडाऱ्याचं नवजात बाळांचं युनिट बारा मजली नव्हतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी ९ एप्रिलला नागपूरजवळ वाडीत एका खासगी कोविड रुग्णालयात चार माणसं गेली, दोन आठवड्यांनी विरारला अतिदक्षता विभाग पेटला आणि ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातले अकरा रुग्ण दगावले. या सगळ्या ठिकाणी पेटली ती एखादी खोली. अख्खी इमारत भस्मसात झाल्याचं उदाहरण यात नाही. बंद खोली, चोवीस तास चालणारी यंत्रं, भरपूर ऑक्सिजन आणि उठून पळू न शकणारी माणसं एवढं एकत्र आलं की खाटा वीस असोत की दोनशे, फरक पडत नाही.

आग लागली की सगळ्यात आधी पेशंटला खाली, बाहेर न्यायचं ना?

नाही. आधी बाजूला न्यायचं. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

हिशेब करून बघा. रात्रीचे दोन वाजलेत. पहिल्या मजल्यावर पंधरा पेशंट, ड्यूटीवर दोन सिस्टर आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. उठू न शकणाऱ्या एका माणसाला जिन्याने उतरवायला चौघं लागतात. म्हणजे पहिलाच पेशंट अडला. पण तोच पेशंट त्याच मजल्यावर, त्याच फरशीवरून गादीसकट ओढत शेजारच्या खोलीत न्यायचा असेल तर एकटी सिस्टरही नेऊ शकते. मधलं दार बंद केलं की त्याला पाऊण-एक तास मिळतो. मग अग्निशमनची गाडी येवो, गावकरी येवोत, जिन्याने उतरवणं शांतपणे करता येतं.

म्हणून नकाशा काढताना प्रत्येक मजल्याचे किमान दोन भाग करायचे आणि मध्ये आग-धूर अडवणारी भिंत आणि दार घालायचं. एका भागातले सगळे पेशंट दुसऱ्यात मावले पाहिजेत. खाटेवरच्या एका रुग्णाला साधारण ३० चौरस फूट धरा. पंधरा पेशंट यायचे असतील तर पलीकडे व्हरांडा, बसायची जागा मिळून साडेचारशे फूट मोकळी हवी. ती जागा जुन्या खाटा आणि मोडके सलाइन स्टँड ठेवायला वापरली जाते, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ.

भंडाऱ्याच्या युनिटमध्ये बाहेरून आणलेल्या बाळांचा आणि तिथेच जन्मलेल्यांचा असे दोन कक्ष होते. एका कक्षातली दहा गेली, दुसऱ्यातली सात वाचवता आली. मधली भिंत काय करते ते यापेक्षा वेगळं सांगायची गरज नाही.

जाळ तर दिसतो, पळता येतं. धुराचा एवढा बाऊ कशाला?

भंडाऱ्यात दहापैकी तीन बाळं भाजली, सात गुदमरली. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ ला आग तळघरात होती. धूर वर चढला आणि वरच्या मजल्यांवरची नव्वदच्या आसपास माणसं गेली. त्यांतल्या बहुतेकांपर्यंत जाळ पोचलाच नव्हता. इमारतीची दर्शनी बाजू बंद काचेची होती, ती फोडून लोकांना काढावं लागलं.

आपल्या वॉर्डातल्या रेक्झिनच्या गाद्यांत फोम असतो. तो जळला की कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा वायूही निघतो. वायरच्या पीव्हीसीतून आम्लाचा धूर निघतो, डोळे उघडत नाहीत. हा गरम धूर आधी छताला चिकटतो, मग थराथराने खाली येतो. खोली बुटकी, वर फॉल सीलिंग आणि खिडक्या बंद असतील तर तो खाटेच्या उंचीपर्यंत यायला काही मिनिटं पुरतात. धावणारा माणूस वाकून निघून जातो. व्हेंटिलेटरवरचा पेशंट कुठे जाणार?

मधली भिंत कशाची बांधायची? दार कसलं?

विटेची. इतकं साधं उत्तर आहे, पण ऐकून घेतलं जात नाही. साडेचार इंची विटेची भिंत दोन्ही अंगांनी प्लास्टर केली की आगीला तासाच्या वर सहज अडवते. कोराडी, चंद्रपूरच्या वीज केंद्रांतल्या राखेच्या विटाही चालतात, स्वस्तही पडतात. तरी अतिदक्षता विभागात ॲल्युमिनियमच्या चौकटीत प्लाय किंवा पीव्हीसीची पट्टी बसवायची हौस जात नाही. दिसायला चकाचक, पेटायला सरपण.

भिंत स्लॅबला भिडली पाहिजे. एकदा स्टुलावर चढा, फॉल सीलिंगची एक टाइल उचला आणि टॉर्च मारा. दहातल्या सात-आठ ठिकाणी दिसतं ते असं: भिंत सीलिंगच्या पट्टीपाशी संपलेली, वर दीड-दोन फुटांची पोकळी, त्यात वायरींचे गुंते, एसीचे पाइप, कुणीतरी विसरलेली सिमेंटची रिकामी थैली. म्हणजे खाली दोन खोल्या, वर एकच. धुराला दाराची गरजच नाही. ही पोकळी विटेने भरून घ्या. पाइप-वायर जिथून आरपार जातात ती भोकं आग अडवणाऱ्या मसाल्याने बुजवा. पिवळा स्प्रे फोम मारून मोकळे होऊ नका, साधा फोम स्वतःच पेटतो.

दार दोन पल्ल्यांचं, खाट सरळ निघेल एवढं रुंद, वर पाहायला काच, आपोआप मिटणारं. कडांना अशी पट्टी मिळते की गरम झाली की फुगते आणि फट बुजवते, ती बसवा. दार सतत उघडं लागतं म्हणून खाली वीट लावून ठेवतात. त्यावर उपाय भिंतीवरच्या लोहचुंबकाचा: एरवी दार धरून ठेवतो, धोक्याची घंटा वाजली किंवा लाइन गेली की सोडून देतो.

चॅनल गेटला रात्री कुलूप लावल्याशिवाय राहवत नाही. कुत्री येतात, मोटारी-पंप चोरीला जातात, दारुडे येतात.

अडचण खरी आहे. पण आत माणसं झोपलेली असताना निघायच्या वाटेला किल्लीचं कुलूप चालत नाही, कोणत्याही कारणाने नाही. आतून कडी लागेल आणि हाताने उघडेल अशी सोय करा. बाहेरून कुणी हात घालून काढू नये म्हणून कडीभोवती पत्र्याचा डबा वेल्ड करून घ्या, गावचा वेल्डर अर्ध्या दिवसात करतो. मागच्या दाराला आडवी दाबायची दांडी बसवता येते: आतून ढकललं की उघडतं, बाहेरून उघडत नाही. किल्ली चौकीदाराकडे आणि चौकीदार टपरीवर, ही व्यवस्था नव्हे.

खिडक्यांच्या ग्रिलचंही तेच. प्रत्येक वॉर्डात किमान एक ग्रिल बिजागरीवर, आतून उघडणारं हवं.

कूलरशिवाय आमचा वॉर्ड एप्रिल-मेमध्ये चालतच नाही. त्यात काय धोका?

पुण्या-मुंबईचे सल्लागार हा प्रश्न विचारत नाहीत, कारण त्यांच्या नकाशात कूलरच नसतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या वर गेला की पंख्याने भागत नाही. कूलर लागणारच. फक्त तो कुठे आणि कसा, ते बघू.

पहिली गोष्ट, कूलर खिडकीत बसतो. म्हणजे धूर निघायची आणि माणूस निघायची वाट लोखंडी पेटीने बंद. काही वॉर्डांत सगळ्याच खिडक्यांत कूलर असतात. दुसरी, ताट्या. खस असो की लाकडाचा भुसकट-धागा, ओला असतो तोवर ठीक. टाकीतलं पाणी संपलं, पंप कोरडा फिरला, मोटार अडकून तापली की शेजारी वाळलेलं गवत तयारच असतं. मधाच्या पोळ्यासारखे नवे पॅड कागदाचे असतात, तेही पेटतात. पावसाळा लागला की कूलर तसाच खिडकीत, वर प्लास्टिक बांधून, पुढच्या मार्चपर्यंत सुक्या ताट्यांसकट उभा असतो. कुणी त्यावर बिडीचं थोटूक टाकलं तरी पुरे.

तिसरी गोष्ट लक्षात येत नाही. चालू कूलर खोलीत हवा कोंबतो. आग लागलेल्या खोलीत तो जाळाला भाता मारतो आणि धूर दाराच्या फटीतून व्हरांड्यात ढकलतो. म्हणून त्या खोलीचा कूलर आणि पंखे आधी बंद झाले पाहिजेत. त्यांचा स्विच खोलीच्या बाहेर, सिस्टरच्या टेबलाजवळ हवा.

नवीन बांधत असाल तर कूलर बाहेर ओट्यावर ठेवा आणि भिंतीत वेगळं भोक ठेवून पत्र्याच्या डक्टने हवा आत घ्या. खिडकी मोकळी राहते. प्रत्येक कूलरला स्वतःचा अर्थिंग असलेला पॉइंट द्या. पहिला पाऊस झाला की ताट्या काढून जाळून टाका, रुग्णालयापासून लांब.

अतिदक्षता विभागात एसी आहे, खिडक्या सील आहेत. धूर काढायचा कसा?

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. त्यामुळे तशा खोलीला धुरासाठी स्वतंत्र वाट द्यावी लागते. छताला लागून पत्र्याच्या अंगाचा एक्झॉस्ट पंखा बसवा, प्लास्टिकचा वितळतो. खोली वीस बाय वीस फूट आणि छत दहा फुटांवर असेल तर आत ४,००० घनफूट हवा. तासाला बारा वेळा ती बदलायची म्हटलं तर मिनिटाला ८०० घनफूट ओढणारा पंखा लागतो. त्याची लाइन मेन स्विचच्या आधीच वेगळी काढा, नाहीतर सगळी वीज तोडली की पंखाही बंद. समोरच्या भिंतीत, खालच्या बाजूला, हवा आत यायला जाळी हवी. नाहीतर पंखा नुसताच घरघरतो.

जुन्या सरकारी दवाखान्यांत छत चौदा-पंधरा फुटांवर आणि वर झरोके असायचे. धूर वर साठायचा, झरोक्यातून जायचा. एसी बसवायच्या नादात ते झरोके प्लायने बंद करणारे लोक मी बघत आलोय. ज्यांच्याकडे अशी इमारत आहे त्यांनी निदान सामान्य वॉर्डाचे झरोके उघडे ठेवावेत.

दर वेळी "शॉर्ट सर्किट" म्हणतात. म्हणजे नक्की काय होतं?

बहुतेकदा आधी वायर किंवा जोड तापतो, शॉर्ट नंतर होतो. दीड टनाच्या एसीला ७-८ अँपिअर लागतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरवर एक चालायला हवा तिथे दुसरा जोडला जातो, एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप बंद होणारा स्विच, पडायला लागतो, मग कुणीतरी १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवतो. आता एमसीबी पडत नाही, वायर तापते. एमसीबी पडतो म्हणजे तो त्याचं काम करतोय. इलेक्ट्रिशियनला "पडू देऊ नको" असं सांगू नका.

आपल्याकडे आणखी एक दुखणं आहे. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रलची वायर ढिली झाली की २३० चे व्होल्ट एखाद्या फेजवर साडेतीनशेच्याही वर जातात. बाळांचे वॉर्मर, मॉनिटर, स्टॅबिलायझर सगळं त्यात भाजून निघतं. जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारं उपकरण मुख्य पॅनलवर हवंच. भारनियमनानंतर लाइन परत आली की सगळे एसी-कूलर एकदम उचलतात. ते दोन-तीन मिनिटांच्या अंतराने सुरू होतील असा टाइमर लावा.

एक्स्टेन्शन बोर्ड अतिदक्षता विभागातून हद्दपार करा. प्रत्येक खाटेमागे पुरेसे पॉइंट आधीच काढले असते तर ते लागले नसते, ही चूक माझ्यासारख्यांची. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या जिन्याखाली ठेवू नका.

ऑक्सिजन स्वतः पेटतो का?

पेटत नाही, पेटवतो. हवेत तो २१ टक्के असतो. २४-२५ टक्क्यांच्या पुढे गेला की जी चादर नुसती धुमसली असती ती भडकन जळते. नाकावाटे जोरात ऑक्सिजन देणारं हाय फ्लो यंत्र एका पेशंटला मिनिटाला ६० लिटरपर्यंत देतं, त्यातलं बरंचसं खोलीत सांडतं. बंद खोली, अशी चार यंत्रं, हवा बाहेर जायला वाट नाही: तिथे ठिणगीला फार मेहनत लागत नाही. कापडात, केसांत ऑक्सिजन काही वेळ मुरून राहतो. म्हणून मास्क काढला तर तो चालू ठेवून उशीवर टाकू नका, आधी नळ बंद करा.

काळ्या अंगाचं आणि पांढऱ्या गळ्याचं मोठं सिलिंडर म्हणजे सुमारे ७,००० लिटर वायू, १५० बारच्या दाबाखाली. त्यांची खोली इमारतीबाहेर, हवेशीर, डिझेलच्या टाकीपासून लांब हवी आणि आत सिलिंडरं साखळीने बांधलेली. व्हॉल्व्ह घट्ट फिरत नाही म्हणून तेलाचा हात लावणारे मामा असतात. त्यांना तिथेच थांबवा, तेल आणि दाबातला ऑक्सिजन यांची गाठ पडली की स्फोट होऊ शकतो.

प्रत्येक विभागाच्या दाराबाहेर त्या विभागाचा ऑक्सिजन बंद करायचा व्हॉल्व्ह हवा, त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत खाटांचे नंबर. तो कधी फिरवायचा हे रात्रीच्या इन्चार्ज सिस्टरने ठरवायचं, कारण पलीकडे कुणीतरी त्यावरच श्वास घेत असतं. आधी पेशंटला लहान सिलिंडर जोडायचं, मग व्हॉल्व्ह बंद करायचा.

अगरबत्ती आणि अंगाऱ्याचं नातेवाइकांना प्रेमाने सांगावं लागतं. दारात देवाचा फोटो लावून द्या, तिथे हात जोडतील. आत उदबत्ती नको.

स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून पाणी उडवणारे फवारे, लावले तर सगळ्या वॉर्डात पाऊस पडेल ना?

सिनेमात पडतो. खरोखरीत ज्याच्या काचेच्या नळीला आच लागते तेवढाच एक फुटतो. पण आपल्या भागात एक खबरदारी घ्या. सर्रास बसवतात ती लाल नळी ६८ अंशांची असते आणि ती छतापाशी ३८ अंशांच्या आतल्या जागेसाठी धरलेली आहे. मे महिन्यात टिनाच्या छताखाली किंवा वरच्या मजल्यावर ३८ कुठले राहतात? एसी नसलेल्या जागी पिवळी ७९ ची किंवा हिरवी ९३ ची नळी मागा. उष्णता ओळखणारे डिटेक्टरही तसेच बघून घ्या, नाहीतर दुपारी उगाच बोंब मारतात आणि मग कुणीतरी त्यांची वायर कापतो.

पाण्याची टाकी एकच असेल तर घरवापराचा पाइप टाकीच्या तळापासून वर, ठरावीक उंचीवर काढा. त्याखालचं पाणी आगीसाठीच उरतं. बोअर आटल्यावर हेच पाणी कामी येतं.

आग विझवायची कुठली सिलिंडरं घ्यायची?

व्हरांड्यात पावडरची, यंत्रं असतील तिथे कार्बन डायऑक्साइडची. पावडर व्हेंटिलेटरमध्ये गेली तर यंत्र बाद होतं आणि पेशंटलाही त्रास होतो. दाराजवळ, हात पोचेल अशी टांगा. कपाटामागे नको.

जिना एकच आहे. रॅम्प करावा का?

जागा असेल तर जरूर. पण १ ला १२ उतार धरला तर अकरा फूट चढायला १३२ फूट लांबी लागते, ती लहान प्लॉटवर बसत नाही. मग बाहेरून लोखंडी दुसरा जिना द्या, पहिल्यापासून दूर, मजल्याच्या दुसऱ्या टोकाला. शेवट बंद असलेला व्हरांडा २० फुटांपेक्षा लांब ठेवू नका, धुरात माणूस तिथे जाऊन अडकतो. खरं विचाराल तर ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी हलू न शकणारे पेशंट, बाळं आणि ऑपरेशन थिएटर तळमजल्यावरच ठेवावं. गावाकडे जमीन मिळते, हा आपला फायदा आहे.

कायद्याने काय करावं लागतं?

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार जबाबदारी मालकाची किंवा इमारत वापरणाऱ्याची. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचा फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. बांधकामाचे निकष राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये आहेत. एजन्सीचा माणूस आला की त्याच्याबरोबर स्वतः फिरा. पंप चालू करायला लावा, घंटा वाजवून घ्या. खुर्चीवर बसून सही दिली तर फाइल पूर्ण होते, एवढंच.

घराचंच नर्सिंग होम केलंय. पैसे थोडे आहेत. आधी काय?

कुलुपं काढा, व्हरांडा मोकळा करा, एक्स्टेन्शन बोर्ड हटवा. याला पैसे लागत नाहीत. मग वायरिंग आणि मुख्य पॅनल तपासून घ्या. मग मधली भिंत स्लॅबपर्यंत नेऊन दार बसवा, धुराचे डिटेक्टर लावा, अतिदक्षता खोलीत एक्झॉस्ट. दर्शनी काच आणि झगमगीत बोर्ड सगळ्यात शेवटी, उरले तर.

अग्निशमनची गाडी तालुक्याहून यायला वेळ लागतो. आली की बाकी तेच बघतील ना?

गाडी आवारात शिरली तर. दात्याच्या नावाची कमान बांधताना खाली १६-१७ फूट मोकळी उंची ठेवा. नाहीतर मोठी गाडी अडते आणि मग कमानीबाहेरून पाइप ओढावा लागतो. मागच्या बाजूला सायकल स्टँडचं शेड टाकून वाट बुजवू नका. नगरपरिषदेच्या फायरमनना वर्षातून एकदा बोलावून इमारत दाखवा. बरेच अधिकारी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात शिकून आलेले असतात, फुकटात चांगले सल्ले देतात.

मॉक ड्रिल कधी आणि कशी करायची?

दिवसा नाही, रात्री करा, खऱ्या रात्रपाळीच्या माणसांवर. पेशंटला हात लावायचा नाही. एका मामाला गादीवर झोपवा आणि एकट्या सिस्टरला ती गादी मधल्या दारापलीकडे ओढून न्यायला सांगा. बाळांच्या कक्षात बाळाच्या वजनाच्या पाण्याच्या बाटल्या घ्या. पुढे दोन आणि मागे दोन खिसे असलेलं एप्रन शिंप्याकडून शिवून घेतलं तर एक सिस्टर चार बाळं नेऊ शकते आणि दोन्ही हात दार उघडायला मोकळे राहतात. दिवे बंद करून एकदा, चालू ठेवून एकदा. गादी कुठल्या उंबऱ्यावर अडली, कुठल्या दाराचा पल्ला अर्धाच उघडला, तिथे खडूने खूण करा आणि सकाळी सुताराला बोलवा.